ऑक्सिजन : मूलद्रव्य, रेणू की संयुग?

प्रश्न असा आहे : ऑक्सिजनला मूलद्रव्य म्हणतात, मग ‘ऑक्सिजनचा रेणू’ कुठून आला? आणि त्या रेणूत दोन अणू जोडलेले असतील, तर त्याला संयुग का म्हणत नाहीत?

हे तीन शब्द एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आहेत असं धरलं की घोळ होतो. पदार्थ किती प्रकारच्या अणूंचा आहे, ते मूलद्रव्य आणि संयुग या शब्दांतून कळतं. रेणू म्हणजे एकमेकांना बांधलेल्या अणूंचा गट. ते अणू एकाच जातीचे असोत की वेगवेगळ्या. हवेतल्या ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, ओझोनचा तीन अणूंचा. दोन्हींत ऑक्सिजनखेरीज दुसरं काही नाही, म्हणून दोन्ही मूलद्रव्याचीच रूपं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनही आला, म्हणून पाणी संयुग. शिवाय प्रत्येक संयुगाला रेणू असतातच असं नाही. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड आयनांची (विद्युतभार असलेल्या अणूंची) सलग जाळी असते, सुटा रेणू दाखवता येत नाही.

खरी अडचण मला ‘प्राणवायू’ या शब्दात दिसते. ‘पाण्यात प्राणवायू असतो’ या वाक्याचे दोन अर्थ लावले जातात. एक लिटर पाण्याच्या वजनात सुमारे 890 ग्रॅम वाटा ऑक्सिजन या मूलद्रव्याचा असतो, पण तो हायड्रोजनशी बांधलेला. श्वासाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मासा कल्ल्यांतून घेतो तो पाण्यात विरघळलेला वायू. हवेशी संपर्कात असलेल्या 25 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. म्हणून माझं मत : प्राणवायू हा शब्द श्वासातल्या, सिलिंडरमधल्या वायूपुरता ठेवावा. पाणी, गंज, वाळू यांच्या घटकांबद्दल बोलताना सरळ ऑक्सिजन म्हणावं. गंजात प्राणवायू आहे म्हटलं, तर शिकणाऱ्या मुलासमोर भलतंच चित्र उभं राहतं.

हिंदी पुस्तकं वाचणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मराठीतला अणू म्हणजे हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. ‘ऑक्सीजन का अणु’ असं तिथे वाचलंत, तर ती दोन अणूंची जोडी समजा.