पान उलटं धरा
वाचकांचे प्रश्न : हातानं केलेली शुभेच्छापत्रं

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी पानाफुलांच्या कार्डांबद्दल आहेत. काहींनी नमुने पाठवले, ते फार बरं झालं. कार्ड हातात घेऊन उजेडात तिरकं धरलं की चूक कुठे झाली ते पत्रापेक्षा लवकर कळतं. त्यातली दोन कार्डं पाकिटालाच आतून चिकटून आली होती. त्यांचंही खाली येईल.

ताई, अंगणातल्या झाडांची पानं पोस्टर कलरनं रंगवून कार्डावर दाबते. पान उचललं की खाली नुसता हिरवा डाग, शिरांचा पत्ताच नाही. शिवाय चुकून एखादा ठसा छान आला तर पुढचा तसा येत नाही. मला वीस कार्डं एकसारखी हवी आहेत.

तुमच्या नमुन्यातल्या डागाला कडेनं रंगाचा बारीकसा बांध आलाय. म्हणजे रंगात पाणी होतं आणि रंग भरपूर होता. आतला भाग मात्र गुळगुळीत आहे, त्यावरून तुम्ही पानाची चकचकीत बाजू रंगवलीत हे लगेच कळलं. पान पालथं करा. शिरा पाठीवर उठून आलेल्या असतात, आणि छपाईचा सगळा कारभार उठावावर चालतो. मी छापखान्यात होते तेव्हा खिळ्यांचंही, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांचंही, हेच होतं. जे वर आलेलं, तेच कागदाला लागणार.

पान तोडल्या तोडल्या छापू नका. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत घालून वर दोन जाडजूड पुस्तकं ठेवा, तासभर पुरे. पान सपाट आणि किंचित मलूल व्हायला हवं. पूर्ण वाळवलंत तर दाबताना चुरा होईल. आता रंग काचेच्या तुकड्यावर, पाणी न घालता, पातळ पसरा. स्पंजचा तुकडा त्यावर टेकवा आणि पानाच्या पाठीवर टिपा. टिपायचा म्हणजे टिपायचाच, फासायचा नाही. पानावर ओली चकाकी दिसली तर रंग जास्त झाला, रद्दीवर एकदा दाबून तो कमी करा. नुसता मखमलीसारखा थर दिसला की झालं.

मग देठ चिमट्यात धरून पान कार्डावर सोडा. एकदा टेकलं की सरकवायचं नाही, वाकडं पडलं असेल तर वाकडंच राहू द्या. वर रद्दीचा कागद ठेवून मधल्या शिरेपासून कडेकडे बोटाच्या पेरानं दाबत जा. देठ सगळेच विसरतात, तोही दाबा. कागद काढा आणि देठाकडून पान सावकाश सोलल्यासारखं उचला.

पहिला ठसा नेहमी रद्दीवर. पुन्हा रंग न लावता तेच पान लगेच दुसऱ्या कागदावर ठेवा. बारीक जाळी दिसते ती दुसऱ्या ठशात, कधीकधी तिसऱ्यात. पोस्टर कलर तोवर वाळत असेल तर ठसेछपाईची पाण्यात मिसळणारी शाई आणा. किंवा पान सरळ पिगमेंट शाईच्या (दाट, कागदावर वर बसणाऱ्या शाईच्या) स्टॅम्पपॅडवर पालथं ठेवा आणि वरून कागद घालून दाबा. मेणचट आणि मांसल पानांच्या नादाला लागू नका. नेचे, गवताची कणसं, ठळक शिरांची पातळ पानं घ्या.

एकसारखी वीस मात्र मिळणार नाहीत. पानाच्या या हट्टाचा बेंजामिन फ्रँकलिननं उपयोग करून घेतला होता. अमेरिकेतल्या वसाहतींच्या कागदी नोटा तो छापायचा आणि खोट्या नोटांनी सगळे हैराण होते. 1730च्या दशकाच्या अखेरीस त्यानं नोटेच्या मागच्या बाजूला खऱ्या पानाच्या ठशावरून ओतलेलं धातूचं चित्र छापायला सुरुवात केली. देठाकडून टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या त्या शिरा हातानं कोरून नक्कल करणाऱ्याच्या नाकी नऊ यायचे. एकसारखी वीस कार्डं हवीच असतील तर रबराचा ठसा घ्या.

पाकळ्या घातलेला हातकागद आणला आहे. त्यावर ठसा मारला की शाई फुटते, फुलपाखराला केस आल्यासारखे दिसतात.

त्या कागदाला खळ कमी आहे. लिहिण्या-छापण्याच्या कागदाला खळ दिलेली असते म्हणून शाई वर थांबते. ती नसेल तर कागद टिपकागदासारखा वागतो. पाण्याचा एक थेंब कोपऱ्यावर टाकून बघा. मोत्यासारखा बसला तर छापा, झिरपला तर जपून.

साध्या स्टॅम्पपॅडची डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची पातळ शाई, तंतूंत शिरून पसरते. पिगमेंट शाई दाट असते आणि वर बसते, उजेडात फिकीही कमी होते. पण तिला वाळायला वेळ लागतो, आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर तर ती वाळतच नाही. पाकिटाला चिकटून आलेली ती दोन कार्डं अशीच होती, चकचकीत कागद आणि पिगमेंट शाई. फुलांच्या जागी पाकिटाच्या आत आरशातली फुलं उमटली होती. खरं सांगायचं तर तीच जास्त छान दिसत होती.

तुमच्या कागदात पाकळ्या आधीच आहेत. त्यावर आणखी फुलपाखरू कशाला? ठसा साध्या गुळगुळीत कागदावर मारा, तो तुकडा हातकागदावर चिकटवा. हातकागद कात्रीनं कापू नका. ओल्या ब्रशनं रेघ ओढा, पाणी मुरू द्या आणि दोन्ही बाजूंना हलकेच ओढा. तंतू सुटून लव आल्यासारखी कड मिळते.

नवा पारदर्शक ठसा आणला, झाडांचा. मधे मधे शाई लागतच नाही. आणि चार वेळा मारून जंगल केलं तर झाडं कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसतात.

फोटोपॉलिमरच्या (पारदर्शक, रबरासारख्या प्लॅस्टिकच्या) नव्या ठशावर एक निसरडा थर असतो, त्यावर शाईचे मणी होतात. पेन्सिलीच्या खोडरबरानं हलके घासा, चमक गेली की शाई धरेल. पॅड टेबलावर ठेवून त्यावर ठसा आपटण्याऐवजी ठसा उताणा धरून त्यावर पॅड टेकवा, म्हणजे शाई कुठे लागली नाही ते दिसतं. कार्डाखाली जुना माउसपॅड किंवा वर्तमानपत्राचे आठ-दहा थर घ्या. ठसा सरळ दाबा, सरळ उचला. ‘नीट लागावं’ म्हणून डोलवलात की कडा दुहेरी. काम झालं की धुऊन अंधारात ठेवा, उन्हात हे ठसे पिवळे पडतात.

जंगलाचं म्हणाल तर पुढचं झाड आधी छापायचं. बहुतेक जण मागून पुढे येतात आणि मग झाडावर झाड चढतं. पुढचं झाड भरपूर शाईनं, थोडं खाली छापा. तेच झाड एका पातळ कागदावर छापून कापून घ्या आणि ते छापलेल्या झाडावर बरोबर झाकून ठेवा. आता मागचं झाड छापताना ठसा खुशाल त्या झाकणावर चढू द्या. झाकण काढलं की मागचं झाड पुढच्याच्या आडून डोकावतं. आणि मागच्या झाडासाठी नवी शाई घ्यायची नाही. ठसा एकदा रद्दीवर मारून उरलेल्या शाईनं कार्डावर मारा. त्याच्याही मागचं हवं असेल तर रद्दीवर दोनदा. एकाच पॅडवर धुकं मिळतं, राखाडी रंगाची दुसरी डबी आणायला नको.

300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) चांगला जाड कागद घेतला तरी घडी फाटल्यासारखी होते, पांढरी चीर दिसते.

कागद चांगलाच आहे, घडी आडवी गेली आहे. यंत्रावर केलेल्या कागदाचे बहुतेक तंतू एका दिशेला निजलेले असतात. त्यांच्या बाजूनं घडी घातली तर ती गपचूप बसते, त्यांना मोडून घातली तर चिरते. ए-4 ताव दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेनं सहज वाकतो, ती घडीची दिशा.

ए-4चे तंतू बहुधा लांबीच्या दिशेनं असतात. तुम्ही ताव उभा चिरून 105 × 297 मिलिमीटरची पट्टी केलीत आणि ती मधोमध मोडलीत, म्हणजे घडी तंतूंना आडवी गेली. उलट करा. आधी ताव आडवा कापून दोन तुकडे करा, 148 × 210. मग 210ची बाजू मोडा. कार्ड तेवढंच, 105 × 148, पण आता घडी तंतूंच्या बाजूनं. हे कार्ड 114 × 162च्या सी-6 पाकिटात नीट बसतं. (पाकीट आधी आणा, कार्ड मग कापा. याच्या उलट करणाऱ्यांची पत्रं मी आता वेगळ्या खोक्यात ठेवते.)

घडीच्या जागी पट्टी धरून बोथट टोकानं खाच पाडा. बाइंडिंग खात्यात आम्ही हाडाची पट्टी वापरायचो, संपलेलं बॉलपेनही चालतं. खाच पाडल्यावर मागून जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. हे वाचताना उलटं वाटतं. एका तुकड्यावर दोन्ही प्रकारे करून बघा, मग विचारायचं काम पडणार नाही.

मी सातवीत आहे. खोडरबरावर ‘आई’ कोरलं तर उलटं आलं. आणि तुम्ही मागे सांगितलं होतं तसे ठसे प्लॅस्टिकच्या डबीत ठेवले, ते डबीला चिकटले!

चिकटण्याचा दोष माझा. मी तसं लिहिलं होतं खरं, आणि ते लिहिल्यावर माझेही चार पक्षी डबीच्या बुडाला चिकटले. खोडरबर मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते प्लॅस्टिकला खातं. कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव.

अक्षरं ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं गडद लिही, कागद पालथा करून रबरावर ठेव आणि नखानं घास. आपोआप उलटं उमटेल, तसंच कोर. कोरताना वळण आलं की हत्यार नाही, रबर फिरवायचं. आणि रबर धरलेला हात नेहमी पात्याच्या मागे. कोरताना एक मोठं माणूस जवळ असू दे.

माझी नात परदेशात असते. तिच्या वाढदिवसाला बियांचा कागद वापरून कार्ड करणार आहे, म्हणजे ते मातीत पुरलं की उगवेल. वर आमच्या दारच्या झाडाचं सुकवलेलं फूल आणि पान चिकटवीन. ती लहानपणी त्याच झाडावर चढून बसायची. टपालात काय काळजी घ्यावी?

बियांचा कागद पाठवू नका. बऱ्याच देशांत बिया टपालानं आणायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पाकीट अडवतात, कार्ड नष्टही करू शकतात. बियांबरोबर कीड आणि रोग येतात, परका वेलही शेतात पसरतो, म्हणून ही कडक तपासणी. सुकवलेल्या फुलापानांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि वाढदिवसाच्या कार्डासाठी त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

नियम बाजूला ठेवले तरी चिकटवलेलं फूल प्रवासाला कच्चं. दोन-तीन आठवडे दाबून, मधे कागद बदलून नीट सुकवलं नसेल तर बंद पाकिटात बुरशी धरते. नीट सुकवलं असेल तर छाननी यंत्राच्या रुळांखाली त्याचा भुगा होतो. टिकलंच तर वर्षभरात पान तपकिरी पडतं. माझ्याकडे अशी आलेली कार्डं आहेत. उघडली की मांडीवर कचरा पडतो आणि कागदावर गोंदाचा पिवळा ठिपका उरतो.

तिला पान नको, पानाचा ठसा पाठवा. त्या दारच्याच झाडाचं पान घ्या, पहिल्या उत्तरात सांगितलंय तसं पालथं रंगवा. ठशाला कोणी अडवत नाही, तो चुरत नाही, आणि पिगमेंट शाईत काढलात तर पुष्कळ वर्षं टिकतो. मोठं पान असेल तर कार्डाच्या बाहेर जाऊ द्या. खाली रद्दी असली की झालं, अर्धं पान कडेला कापलेलं छान दिसतं. रात्रभर वाळू द्या आणि घडीच्या आत मजकुरावर पातळ कागद ठेवून पाकिटात घाला. बियांची हौस असेल तर तिच्याच देशात मिळणारी बियांची पुडी तिला तिथल्या तिथे घ्यायला सांगा.

आणि पान निवडताना अगदी धडधाकट शोधू नका. अळीनं कुरतडलेलं, मधे भोक पडलेलं मिळालं तर तेच घ्या. भोक पांढरं राहतं, त्याच्या कडेच्या तुटक्या शिरासुद्धा उमटतात. पहिला ठसा रद्दीवर, दुसरा नातीला.