६० फुटी टॉवर, बारा स्टे आणि एक पाण्याची नळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक किलोवॉटची पवनचक्की आहे, पंख्याचा व्यास अडीच मीटर, वजन ३५ किलो. शेतात ४० फुटी पाइप उभा करून स्टे (चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा) द्यायचेत. शंभर फुटांवर २५ फुटी आंब्यांची रांग आहे, रान थोडं उताराचं आहे आणि क्रेन आत येत नाही. स्टे किती आणि खड्डे केवढे?

खड्ड्यांच्या आधी उंचीचं बोलू, कारण ४० फूट कमी पडतात. पंख्याचं खालचं टोक दीडशे मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा निदान ३० फूट वर हवं. तुमचे आंबे २५, त्यावर ३०, त्यावर पात्याची चार फूट लांबी, म्हणजे ६० फूट झाले. (आणि आंबे अजून वाढणार आहेत.) वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वर वेग सव्वापट मिळाला तर हाती येणारी ताकद जवळपास दुप्पट. झाडामागचा वारा नुसता मंद नसतो, घुसळलेला असतो. त्यात चक्की सारखी तोंड फिरवत राहते आणि बेअरिंग खाते. घराच्या स्लॅबवर लावायचा विचार असेल तर तो याच कारणासाठी सोडा, शिवाय रात्रभर घरात घरघर ऐकावी लागते.

आता ६० फूट, म्हणजे १८ मीटर धरून चालू. पाइप चार इंची, मीडियम जीआय, बुडाशी बिजागरी. क्रेन नाही म्हणजे टॉवर आडवा पाडता-उभारता आला पाहिजे, आणि त्याला चार दिशांना स्टे लागतात. तीन दिशांचे स्टे उभ्या टॉवरला पुरतात, पाडता येणाऱ्याला नाही. उंचीवर तीन ठिकाणी बांधा, साधारण १८, ३६ आणि ५३ फुटांवर. एकूण बारा तारा. सगळ्यात वरची तार पात्याच्या टोकाच्या दीड-दोन फूट खाली राहिली पाहिजे, कारण झोतात पातं मागे वाकतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बाजूच्या दोन अँकरांना (स्टेचं खालचं टोक जमिनीत धरणारे काँक्रीटचे ठोकळे). टॉवर पूर्वेला आडवा होणार असेल तर उत्तर-दक्षिण अँकर बिजागरीच्या पिनेच्या अगदी सरळ रेषेत आणि पिनेच्याच उंचीला हवेत. तसे असले तर टॉवर आडवा असो, अर्धा असो की उभा, त्या बाजूच्या तारांची लांबी बदलत नाही. मी पाटणकडच्या आमच्या रानात पहिला ४० फुटी टॉवर उभारला तेव्हा अँकरची रेषा डोळ्यानेच धरली होती. दक्षिणेचा अँकर नऊ इंच खाली होता. पाइप अर्ध्यावर आला तशी ती तार सतारीसारखी वाजायला लागली, उत्तरेची लोंबायला लागली आणि पाइप धनुष्यासारखा वाकला. तसाच हळूहळू खाली घेतला. पाइपचा बाक अजून दिसतो, गोठ्याला वासा म्हणून लावलाय. तुमच्या ६० फुटी टॉवरसाठी, अँकर बुडापासून ९ मीटरवर धरून हिशेब केला, तर अँकर एक फूट खाली असला की सगळ्यात वरची तार उभारेपर्यंत दहा इंच कमी पडते. दहा इंच टर्नबकलला (तार ताणायच्या स्क्रूला) झेपत नाहीत.

म्हणून गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या. एक टोक पिनेपाशी, दुसरं अँकरच्या कडीपाशी, दोन्हीकडे पाण्याची रेघ जुळली पाहिजे. रान उताराचं असल्याने बिजागरीची पिन उताराला आडवी ठेवा, म्हणजे बाजूचे दोन्ही अँकर आपोआप एका पातळीला येतील. काटकोन ३-४-५ च्या दोरीने काढा.

खड्डे. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागासाठी भारतीय मानकातला मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. पंखा भरीव तबकडी मानला (वाईटात वाईट धरलं तर) ४५० किलोचा धक्का माथ्यावर येतो. बुडापासून ९ मीटरवरच्या अँकरला वरची एकच तार तो झेलत असेल, तर तिच्यात एक टनाच्या आसपास ताण आणि अँकरला वर उपटणारं ओझं ९०० किलोच्या घरात. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल काँक्रीटचं वजन १,८०० किलो भरतं, तेवढा ठेवा. ८ मिमीची चांगली जीआय वायर रोप साडेतीन-चार टनांना तुटते, ती पुरते. आतला गाभा पोलादाचा घ्या. सुताचा गाभा ताणतो आणि पाणी धरतो. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात जमीन फुगते, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खाली जा.

उचलताना सगळ्यात जास्त ओढ पहिल्या इंचाला लागते. पाइप सुमारे २२० किलो, वर चक्की. पश्चिमेला ९ मीटरचा जिन पोल (ओढीच्या दोराला उंची देणारा, बुडाशी लावलेला दुसरा खांब) लावला तर ओढीच्या दोरात ४१० किलो येतात, साडेचार मीटरचा लावला तर ६५०. लांब घ्या. त्यालाही दोन्ही बाजूंनी दोर हवेत, नाहीतर तोच आडवा कलंडतो. ओढायला दीड टनी हाताने चालवायचं पुलर मशीन पुरतं, ट्रॅक्टर नको. ट्रॅक्टरवाल्याला तार वाजलेली ऐकू येत नाही. शेवटच्या दहा अंशांत पाइप हलका होऊन एकदम पलीकडे झुकू पाहतो, तेव्हा पूर्वेकडून माथ्याला बांधलेला दोर एकाने अँकरला वेढा देऊन सोडत राहावं. पहिली फेरी चक्की न लावता, नुसत्या पाइपची करा. चक्कीसकट उचलताना तिच्या तिन्ही वायरी एकत्र जोडून ठेवा, म्हणजे पंखा मोकळा फिरणार नाही.

तारेचं दुमडलेलं टोक आवळणाऱ्या क्लॅम्पांबाबत एकच सांगतो, कारण दहातले सात उलटे लावलेले बघितलेत: यू बोल्ट मोकळ्या टोकावर, खोबणीचा भाग ताणाच्या तारेवर. प्रत्येक टोकाला तीन आणि आत थिंबल (फासात बसणारी धातूची खोबण). टर्नबकल हुकवाले घेऊ नका. घट्ट केल्यावर त्यातून तार ओवून आठच्या आकड्यात बांधा. माझा एक असाच वाऱ्याने उलगडत गेला होता.

वीज पडण्याचं: बुडाला आणि चारही अँकरांना अर्थिंग द्या. जीआय तारेला उघडं तांबं चिकटवू नका, झिंक झिजतं. महावितरणची लाइन टॉवरच्या उंचीपेक्षा जास्त लांब असली पाहिजे, कुठल्याही दिशेला पडला तरी.

आपल्याकडे वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर, म्हणजे मे संपायच्या आत उभा व्हायला हवा. दुपारी वळवाचा भरवसा नसतो. सकाळी साडेसहाला सुरू करा, दहाला काय असेल तसं थांबवा.

काँक्रीट ओतण्याआधी पाचही जागांची नळीने घेतलेली मापं आणि खड्ड्यांचे फोटो इथे टाका, मी बघतो.