वार सुटली, पण त्या चार तासांचे काय?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात राहते आणि एका खासगी कंपनीत तीन वर्षे नोकरी करते. सातव्या महिन्यापासून माझे बीपी वाढलेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये, चौतिसाव्या आठवड्यात, रात्री पोट एकाएकी दगडासारखे घट्ट झाले आणि थोडे रक्त गेले. दोन वाजता आम्ही खासगी प्रसूतिगृहात पोचलो. ‘खोट्या कळा आहेत’ असे सांगून सिस्टरांनी इंजेक्शन दिले. डॉक्टर सहाला आले, तेव्हा बाळाचे ठोके लागत नव्हते. बाळ मृतच जन्मले आणि मला चार बाटल्या रक्त चढवावे लागले. ‘वार (गर्भाशयात बाळाचे पोषण करणारी प्लासेंटा) सुटली, यात कोणाचा दोष नसतो’, असे आम्हाला सांगण्यात आले. डिस्चार्ज कार्डाखेरीज एकही कागद मिळत नाही. भाऊ पोलिसांत जा म्हणतो. कंपनीने ‘मिसकॅरेज’ धरून सहा आठवड्यांची रजा दिली आणि पुढची बिनपगारी मांडली. त्या आठवड्यात मी एसटीने माहेरी गेले होते, म्हणून घरचे मलाच बोल लावतात. मी काय करू?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण त्याचे ओझे घेऊन तुम्ही कोणतीही लढाई लढू शकणार नाही. प्रसूतीआधीच वार गर्भाशयापासून सुटण्याची जी कारणे वैद्यकशास्त्र मानते, त्यांत वाढलेला रक्तदाब, आधीच्या गरोदरपणात असेच घडलेले असणे, धूम्रपान आणि पोटावर बसलेला थेट, जोराचा मार ही प्रमुख आहेत. एसटीचा नेहमीचा प्रवास त्यांत येत नाही. वाढलेले बीपी मात्र येते, आणि तुमच्या तपासणीच्या कार्डावर त्याची नोंद आहे. हे कार्ड घरच्यांना दाखवा आणि नीट जपून ठेवा.

डॉक्टर म्हणाले ते अर्धे खरे आहे. वार सुटणे अनेकदा कोणालाच टाळता येत नाही, आणि ती का सुटली यावर तक्रार उभी केली तर ती बहुधा टिकणार नाही. कायद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न दोन ते सहा या चार तासांचा आहे. बीपी वाढलेली, चौतीस आठवड्यांची गरोदर स्त्री घट्ट झालेले पोट आणि रक्तस्राव घेऊन आली, तर सर्वसाधारण कौशल्याचा प्रसूतितज्ज्ञ काय करील, ही कसोटी लावली जाते. असे पोट हे वार सुटल्याचे ओळखीचे लक्षण आहे. रक्त आतच साचून राहू शकते, म्हणून बाहेर थोडेच दिसले याला अर्थ नाही. सोनोग्राफीतही वार सुटलेली अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल होती’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

एक कटू गोष्ट आताच सांगते. अर्ध्याहून अधिक वार सुटली असेल, तर बाळ अनेकदा थोड्याच वेळात दगावते. तुम्ही दोनला पोचलात तेव्हाच ठोके बंद झाले असतील, तर ‘डॉक्टर वेळेवर आले असते तर बाळ वाचले असते’ हे सिद्ध करणे फार अवघड जाईल. उलट, दोननंतर ठोके लागल्याची एक जरी नोंद असली, तर पुढचा प्रत्येक रिकामा तास रुग्णालयाच्या विरोधात बोलतो. बाळाचा मुद्दा कमकुवत ठरला तरी तुमच्या स्वतःच्या जिवाचा मुद्दा वेगळा उरतोच : चार तासांत नाडी आणि बीपी किती वेळा पाहिले, रक्त केव्हा मागवले, डॉक्टरांना पहिला फोन किती वाजता गेला?

याची उत्तरे केसपेपरात आहेत, म्हणून पहिले पाऊल कागदांचे. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार, रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भरती रुग्णाची कागदपत्रे मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि ते नाकारले तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. अर्जात दाखल होतानाचा केसपेपर, सिस्टरांच्या नोंदी, ठोक्यांचा तक्ता, औषधांचा तक्ता, रक्तपेढीच्या नोंदी आणि प्रसूतीची टिपणी अशी नावानिशी मागणी करा. वारेमागे रक्ताची केवढी गुठळी सापडली, हे त्या टिपणीत असते. ठोक्यांच्या यंत्राची पट्टी कोणाकडे असेल तर आजच तिचे फोटो काढा. तो कागद एटीएमच्या पावतीसारखा असतो आणि त्यावरची रेघ काही महिन्यांत पुसट होते. कागद दिलेच नाहीत, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करता येते आणि ग्राहक आयोगही ते हजर करण्याचा आदेश देऊ शकतो.

कागद हाती आल्यावर, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या प्रसूतितज्ज्ञाचे लेखी मत घ्या. ते प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे, पण तुमच्यासारख्या प्रकरणात त्यावाचून पुढे जाऊ नये असे मला वाटते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून स्पष्ट आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. दाखल होताना छापील संमतिपत्रावर सही केली असली तरी त्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो. शिवाय गर्भातच गेलेल्या बाळाचा मृत्यू फौजदारी कायद्यात मनुष्यवध ठरत नाही. हे आईच्या कानाला फार निर्दयी वाटते, याची मला जाणीव आहे.

कंपनीच्या बाबतीत मात्र तुमची बाजू भक्कम आहे. मातृत्व लाभाच्या जुन्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तुमची प्रसूती त्याआधीची असल्याने तिला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागतो. त्या कायद्यात ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेले मूलही येते, आणि ‘गर्भपात’ म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचाच. चौतिसाव्या आठवड्यात झाली ती तुमची प्रसूती होती, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असल्याने तुम्हाला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळायला हवी. सहा आठवडे मिळाले, म्हणजे २० आठवड्यांचा पगार येणे आहे. रक्तस्रावामुळे आजारपण लांबले असेल, तर दाखला जोडून आणखी एक महिना मागता येतो. या रजेत तुम्हाला कामावरून काढणेही बेकायदेशीर आहे. कंपनीला लेखी पत्र द्या, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रार करा. पत्रात ‘मिसकॅरेज’ हा शब्द तुम्ही स्वतः कुठेही वापरू नका. ‘चौतिसाव्या आठवड्यात प्रसूती, बालक मृत’ असे लिहा. प्रसूतिगृहाने जन्म-मृत्यू निबंधकाकडे मृतजन्माची नोंद पाठवणे कायद्याने आवश्यक आहे. ती झाली आहे का, हे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विचारून तिचा उतारा पत्राला जोडा.