तिजोरी प्लायला नको, लोखंडाला आवळा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघांनी यंदा छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेतला. आत दोघांपुरती गादी, तिच्याखाली दोन खण आणि मागचं झाकण उचललं की ओटा, एवढाच त्याचा पसारा. आम्ही दिवसभर डोंगरात भटकतो, तेव्हा ट्रेलर तळावर एकटा असतो. आत पासपोर्ट, कॅमेरा, लॅपटॉप, थोडी रोकड आणि माझ्या आईची अंगठी असते. ह्यांचं म्हणणं, गादीखाली आकड्यांची तिजोरी बसवू आणि दाराला बाहेरून जाड कडी-कोयंडा लावू. मला वाटतं, वस्तू नीट लपवल्या तरी पुरे. कुणाचं बरोबर? आणि तिजोरी घेतलीच तर ती बसवायची कशाला? आत जिकडेतिकडे पातळ प्लायच आहे.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला आमचा पहिला ट्रेलर आठवला. तिथेच आम्ही चुकलो होतो.

आम्हीही गादीखाली तिजोरी बसवली होती. चांगली जड होती, दार जाड, आकड्यांचं कुलूप. तळाला चार भोकं होती, त्यातून चार लाकडी स्क्रू प्लायमध्ये पिळले आणि निश्चिंत झालो. एका संध्याकाळी तळ्यावरून परत आलो तर दार लावलेलं होतं तसंच. कुठे ओरखडासुद्धा नाही. गादी उचलली आणि खाली चार भोकं दिसली. त्यांच्याभोवती प्लायचे पापुद्रे वर उचकटून आलेले, मधोमध तिजोरीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. चोराने तिजोरी उघडायचा प्रयत्नही केला नव्हता. पहारीने उचकटली आणि उचलून नेली. उघडायला त्याला पुढे हवा तेवढा वेळ होता. कॅमेरा नवा घेता आला. त्या आठ दिवसांचे फोटो असलेली कार्डं आतच होती, ती गेली ती गेलीच.

आता तुमच्याकडे वळते. सगळ्यात आधी, आईची अंगठी घरी ठेवा. पैसे देऊन जी पुन्हा मिळत नाही, ती वस्तू ट्रेलरमध्ये नकोच. पासपोर्ट आणि रोकड अंगावर, कपड्यांच्या आत बांधायच्या पट्ट्यात. भटकंतीत त्याचा त्रास होत नाही, दोन दिवसांत सवय होते. तिजोरीसाठी उरतात कॅमेरा आणि लॅपटॉप. एवढ्यासाठी लॅपटॉप आडवा मावेल अशी चपटी, बेताच्या वजनाची पेटी पुरते.

ती बसवायची चॅसीला, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला. प्लाय फक्त मध्ये येईल, भार त्याच्यावर नको. ट्रेलरची चाकं अडवा, टॉर्च घ्या आणि खाली आडवे पडून बघा. लांबीत जाणाऱ्या दोन मुख्य पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या दिसतील. मुख्य पट्ट्यांना भोक पाडू नका, ओढण्याचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. त्याऐवजी पाच-सहा मिलिमीटर जाडीची एक लोखंडी पट्टी घ्या. ती दोन शेजारच्या आडव्या नळ्यांच्या खालून जाऊन दोन्हीकडे थोडी बाहेर येईल एवढी लांब हवी. वर तिजोरी, मध्ये जमिनीचा प्लाय, खाली ही पट्टी, आणि आरपार चार बोल्ट. मग तिजोरी उपटायची म्हणजे त्या नळ्याच उपटाव्या लागतील.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बोल्ट वरून घातले आणि नट खाली उघडे राहिले, तर ट्रेलरखाली शिरून पान्याने ते सोडवता येतात. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून नट आधीच पट्टीला वेल्ड करून घ्या. बोल्टची डोकी तिजोरीच्या आत राहतील, म्हणजे तिजोरी उघडल्याशिवाय पाना लागणारच नाही. मी आता प्रत्येक पेटी अशीच बसवते.

ड्रिल लावण्याआधी वरून आणि खालून दोन्हीकडून नीट बघा. जमिनीखालून दिव्यांच्या वायरी, ब्रेकची केबल, गॅसची नळी यांपैकी काहीही जात असू शकतं, काही ट्रेलरना पाण्याची टाकीही तिथेच असते. आधी तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडा, ते खाली कुठे निघालं ते बघा आणि मगच मोठं करा. भोकाच्या कडांना पॉलियुरेथेन सीलंट भरा. चाकांनी उडवलेलं पाणी प्लायच्या कापलेल्या कडेतून आत शिरतं आणि दोन पावसाळ्यांत जमीन कुजते.

जागा शक्यतो आसाच्या जवळची निवडा. मागच्या टोकाला वजन टाकलं की हुकावरचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर मागून डुलायला लागतो. हुकावर एकूण वजनाचा किती हिस्सा हवा ते निर्मात्याच्या पुस्तिकेत असतं. पुष्कळ ट्रेलरना १० ते १५ टक्के सांगतात, काहींना कमी. तिजोरी बसवल्यावर सामानासकट एकदा तोलून बघा.

दार शाबूत असताना आमच्याकडे चोर शिरला कसा, हे सांगायचं राहिलं. बाजूला सामानाच्या खणाचं झाकण होतं आणि तो खण आतून गादीखालीच निघत होता. त्याचं कुलूप तुटलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. आमच्या किल्लीवर सीएच ७५१ असा आकडा होता. पुढच्या तळावर शेजाऱ्यांना विचारून मी तीच किल्ली त्यांच्या खणाला लावली, तर सहज फिरली. असंख्य ट्रेलरच्या खणांना हेच कुलूप येतं आणि ती किल्ली कुणालाही विकत मिळते. तुमच्या किल्लीवर काय कोरलंय ते आजच बघा. तोच आकडा असेल तर कुलूप बदला. मागचा एकच मोठा नट सोडवायचा असतो, अर्ध्या तासाचं काम आहे. जुन्या कुलपाच्या नळीची लांबी मोजून त्याच मापाचं, पण वेगळ्या किल्लीचं घ्या. मागच्या ओट्याच्या झाकणाचंही विसरू नका, कारण काही ट्रेलरमध्ये ओट्याच्या कपाटाची मागची फळी म्हणजेच झोपायच्या भागाची भिंत असते, आणि ती फार पातळ असते.

लपवण्याबद्दल तुमचंही बरोबर आहे, पण तिजोरीऐवजी नव्हे, तिजोरीच्या जोडीला. गादीखाली, कपड्यांच्या घडीत, उशीच्या खोळीत सगळ्यात आधी हात जातो. तिजोरीवर खणाच्याच प्लायचा खोटा तळ टाका आणि त्यावर दोऱ्या, खुंट्या, ओल्या चपला असलं रोजचं सामान ठेवा. निघताना पडदे सगळे ओढा. लॅपटॉपची चार्जिंगची वायर ओट्यावर लोंबत ठेवू नका. वायर दिसली की आत लॅपटॉप आहे हे कळतंच.

बाहेरच्या कडी-कोयंड्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. तुमच्या ह्यांना माझ्यातर्फे सांगा. तुम्ही दोघं आत झोपलेले असताना कुणी त्या कोयंड्यात नुसती काटकी अडकवली तरी दार आतून उघडणार नाही. जिथे गॅस आहे, कापूस-फोमची गादी आहे आणि प्लायच्या भिंती आहेत, तिथे आग लागली तर बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळतो. जादा कुलूप हवंच असेल तर आतून किल्लीशिवाय, अंधारात चाचपडूनही उघडेल असं बसवा. दोन दारं असतील तर दोन्ही आतून उघडतात ना, हे प्रत्येक मुक्कामी रात्री बघा. सामान लपवताना गॅसच्या कप्प्याची जमिनीलगतचे झरोकेही बुजवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तिथूनच बाहेर जातो.

अख्खा ट्रेलरच नेण्याची भीतीही खरी आहे. गाडीपासून सोडवलेल्या ट्रेलरच्या कपलरला, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसणाऱ्या तोंडाला, आपण कुलूप लावतो, पण सुरक्षा-साखळ्या मोकळ्या राहतात. चोर त्या साखळ्या आपल्या गाडीच्या गोळ्याभोवती गुंडाळून ट्रेलर फरफटत नेऊ शकतो. म्हणून चाकालाही क्लॅम्प लावा. दोन्ही असले तर त्याला बराच वेळ आणि बराच आवाज करावा लागेल.

वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी एअरटॅगसारखी चकती ठेवायची असेल तर तिजोरीत ठेवू नका, लोखंडी पेटीत तिचा ब्लूटूथ कोंडतो. लाकडी भागामागे ठेवा. ती स्वतः उपग्रहाशी बोलत नाही, आसपासच्या फोनच्या आधाराने आपली जागा कळवते. त्यामुळे निर्जन रानात तिचा उपयोग जवळपास शून्य. शिवाय अनोळखी चकती सोबत फिरतेय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते.

तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बंद ट्रेलरमध्ये दोघांच्या श्वासाची वाफ रात्री थंड लोखंडावर जमते, आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते. आकड्यांच्या कुलपाची बॅटरी मोहिमेआधी बदला. आडवेळची किल्ली ट्रेलरमध्ये ठेवू नका, तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असू द्या. कॅमेरा-लॅपटॉपचे अनुक्रमांक आणि ट्रेलरचा चॅसी नंबर फोटो काढून घरच्या माणसाला पाठवून ठेवा. विम्याचा कागदही वाचा. ट्रेलरचा विमा आहे म्हणजे आतल्या वस्तूंचा आहेच असं नसतं, आणि कुलूप तोडल्याची खूण दिसली नाही तर काही विम्यांत दावा मान्य होत नाही. आमचा झाला नव्हता.

येत्या सुट्टीत ट्रेलरखाली शिरून दोन आडव्या नळ्यांमधलं अंतर आणि गादीखालच्या खणाची आतली मापं घ्या. सेंटिमीटरमध्ये कळवलीत तर पट्टीची लांबी आणि बोल्टची जागा मी काढून देईन.