एकच रनिंग बॅक सतत का खेळत नाही?

मुलगा अमेरिकेतल्या अथेन्सला जॉर्जिया विद्यापीठात शिकायला गेल्यापासून तुम्हीही शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचे सामने बघू लागलात आणि एक गोष्ट तुम्हाला खटकतेय. एक रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, दोन-तीनदा झकास धावतो आणि पुढच्या ड्राइव्हला (संघाकडे पुन्हा चेंडू आल्यावरच्या आक्रमणाला) तो बाहेर उभा असतो, मैदानात दुसराच. यात वशिला चालतो का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ज्याला संधी मिळत नाही त्या पोराने वाट बघायची की कॉलेज बदलायचं, हेही विचारलंय. जॉर्जियाचा संघ मी बरीच वर्षं जीव लावून बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वशिल्याचं आधी. मोठ्या कॉलेजात कोचने सामने हरले की त्याची नोकरी जाते. जिंकून देणाऱ्या पोराला बाहेर बसवून त्याच्या हाती काही लागत नाही. त्यामुळे एखादा बाहेर असेल तर कारण बहुतेक वेळा सरावात असतं, आणि सराव आपल्याला दिसत नाही. शनिवारी आपले डोळे चेंडूवर असतात. कोच मात्र आठवडाभर बघत असतो की चेंडू हातात नसताना हा पोरगा काय करतो. माझ्या मते रनिंग बॅकचा खेळण्याचा वेळ मुख्यतः तिथे ठरतो.

पास टाकायचा असतो तेव्हा रनिंग बॅक बरेचदा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्याच्या, शेजारी उभा असतो. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी त्याने समोरचा बचाव वाचायचा असतो: मधल्या फळीतला कोणता लाइनबॅकर थांबणार, कोणता सुसाट आत घुसणार, मागचा सेफ्टी हळूच पुढे सरकलाय का. आपले पुढच्या रांगेतले लाइनमन कुणाकुणाला अडवणार हे त्याला पाठ असावं लागतं, तरच मोकळा सुटणारा गडी आपल्या वाट्याचा आहे हे त्याला कळतं. मग शंभर किलोच्या वरचा तो गडी धावत आला की त्याच्या अंगावर जाऊन त्याला दोन-तीन सेकंद थोपवायचं. हे चुकलं तर क्वार्टरबॅक आडवा होतो, चेंडू सुटतो. एखादे वेळी त्याचा खांदा जातो आणि संघाचा अख्खा मोसम त्याच्याबरोबर जातो. हायस्कूलमध्ये जो पोरगा सामन्यात तीस-तीस वेळा चेंडू घेऊन धावला, त्याच्यावर हे काम करण्याची वेळ क्वचितच आलेली असते. त्याच्यासाठी इतरांनी ब्लॉक केलेले असतात, म्हणजे समोरच्यांना अडवलेलं असतं. कॉलेजात आल्यावर त्याला हे जवळजवळ मुळापासून शिकावं लागतं आणि तोवर तिसऱ्या वर्षाचा, थोडा कमी वेगवान मुलगा त्याच्या पुढे राहतो.

डेरिक हेन्री या रनिंग बॅकचं बघा. फ्लोरिडातल्या युली या छोट्या गावाच्या हायस्कूलमध्ये त्याने चेंडू घेऊन धावत १२,१२४ यार्ड काढले आणि केन हॉलचा १९५० च्या दशकातला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठात आला तेव्हा त्याच्या पुढे टी. जे. येल्डन होता, आणि त्या वर्षी हेन्रीला पूर्ण मोसमात ४० पेक्षा कमी वेळा चेंडू मिळाला. २०१४ मध्ये दोघांनी काम जवळपास निम्मं-निम्मं वाटून घेतलं: हेन्री ९९० यार्ड, येल्डन ९७९. येल्डन एनएफएल या व्यावसायिक लीगला गेला आणि २०१५ मध्ये हेन्रीने ३९५ कॅरींमध्ये (चेंडू घेऊन धावण्याच्या खेपांमध्ये) २,२१९ यार्ड आणि २८ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) काढून सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी नेली. इतका मोठा विक्रमवीर पोरगाही दोन वर्षं रांगेत होता.

उलट बाजूने ऑबर्न विद्यापीठाचा २००४ चा संघ आठवावा. कार्नेल विल्यम्स आणि रॉनी ब्राउन एकाच वेळी संघात, दोघेही शेवटच्या वर्षाचे, आणि तो संघ १३ पैकी १३ सामने जिंकला. धावून जास्त यार्ड विल्यम्सचे होते. पण पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या खेळाडू निवडीत, ब्राउन दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि विल्यम्स पाचव्या. ब्राउन पासही झेलायचा, ब्लॉकही करायचा, आणि निवड करणाऱ्यांना ते दिसलं होतं. नुसत्या यार्डांच्या तक्त्यावरून पोरांची किंमत ठरवणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आता आपल्या जॉर्जियाकडे येतो, कारण वाटून खेळण्याची इतकी सुंदर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात टॉड गर्ली हा त्या वेळचा देशातला बहुधा सर्वोत्तम रनिंग बॅक चार सामन्यांसाठी निलंबित झाला. सह्या देऊन पैसे घेतले हा त्याचा गुन्हा. (जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी आहे, त्यामुळे आजच्या मुलांना हे कारण ऐकून खरं वाटत नाही.) त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा निक चब आला. मिझुरीविरुद्ध त्याने ३८ कॅरी आणि १४३ यार्ड काढले, पुढच्या आठवड्यात आर्कान्सासविरुद्ध २०२ यार्ड. गर्ली परतला त्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, आणि चबने मोसमाअखेर १,५४७ यार्ड केले.

त्याच वर्षी मायामीजवळच्या भागातून आलेला सोनी मिशेलही त्या संघात होता. दोघेही पहिल्या वर्षाचे, दोघांनाही एकच जागा हवी. २०१५ च्या ऑक्टोबरात टेनेसीच्या मैदानावर पहिल्याच खेळीत चबचा गुडघा इतका वाईट दुखावला की त्याची कारकीर्द संपली असंच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. मिशेलने ओझं उचललं आणि त्या मोसमात हजाराच्या वर यार्ड केले. पुढच्या उन्हाळ्यात मिशेलचा हात मोडला. तेव्हा चब परत उभा राहिला आणि अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध मोसमाच्या पहिल्याच सामन्यात २२२ यार्ड धावला. एक पडला की दुसरा उभा असायचा. २०१६ संपल्यावर दोघांनाही एनएफएलला जाता आलं असतं, पण दोघेही चौथ्या वर्षासाठी थांबले, एकमेकांबरोबर चेंडू वाटून घ्यावा लागणार हे पक्कं माहीत असताना.

२०१७ मध्ये चबने १,३४५ यार्ड केले, मिशेलने १,२२७, आणि त्यांच्या मागे पहिल्या वर्षाच्या डिआंद्रे स्विफ्टने ६१८. १ जानेवारी २०१८ ला पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध काय झालं ते जमल्यास पूर्ण बघा. मिशेल त्या सामन्यात केवळ ११ कॅरींमध्ये १८१ यार्ड धावला, चब १४५. चौथ्या क्वार्टरमध्ये मिशेलच्या हातून चेंडू सुटला आणि ओक्लाहोमाने तो उचलून थेट टचडाउन केला. फंबल करणाऱ्याला बाकावर बसवणं ही या खेळातली जुनी शिक्षा आहे आणि दोन रनिंग बॅकमधल्या स्पर्धेचा निकाल बरेचदा एका फंबलने लागतो. त्या दिवशी मात्र सामना संपायला आला तेव्हा चबने टचडाउन करून बरोबरी साधली, आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये कोच कर्बी स्मार्टच्या संघाने चेंडू थेट मिशेलला स्नॅप केला. २७ यार्ड, टचडाउन, ५४-४८. चार वर्षं सरावात त्याने कमावलेला भरवसा एका चुकीने पुसला गेला नव्हता. चुकीनंतरही चेंडू कुणाला मिळतो, हे बघायला शिका. खेळण्याच्या वेळेबद्दल तेवढं खरं दुसरं काहीच सांगत नाही.

त्या दोघांचे मिळून ८,००० हून अधिक यार्ड झाले. एसएमयूच्या (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या) एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स या जोडीचा जुना विक्रम त्यांनी मागे टाकला. ड्राफ्टमध्ये मिशेल ३१ वा गेला, चब ३५ वा. वाटून खेळल्याने दोघांपैकी कुणाचंही नुकसान झालं नाही.

आणि शरीराचा हिशोबही असतोच. हेन्रीने २०१५ मध्ये ऑबर्नविरुद्ध ४६ आणि लगेच पुढच्या सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध ४४ वेळा चेंडू नेला. ते त्याच्यासारख्या धिप्पाड माणसालाच जमलं आणि मला ते बघतानाही धाकधूक होत होती. आता तर विजेतेपदाचा प्लेऑफ १२ संघांचा झाल्यामुळे २०२४ चा विजेता ओहायो स्टेट १६ सामने खेळला. एवढ्या मोसमात एकाच पोराच्या गुडघ्यांवर सगळं टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ओहायो स्टेटने काय केलं? क्विनशॉन जडकिन्सने १,०६० यार्ड केले आणि ट्रेव्हियन हेंडरसनने १,०१६. दोघेही पुढच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ३६ व्या आणि ३८ व्या क्रमांकावर. तेव्हा तुमच्या लाडक्या धावपटूला पुढच्या ड्राइव्हला बाहेर काढलं तर आधी हे धरून चाला की त्याचे पाय चौथ्या क्वार्टरसाठी राखून ठेवले आहेत.

यातूनच तुमचा दुसरा प्रश्न येतो, कारण जडकिन्स आधी ओल मिसमध्ये, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, होता. तिथे सलग दोन मोसम हजारावर यार्ड करून तो ओहायो स्टेटला गेला, जिथे चेंडू वाटून घ्यावा लागणार होता. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ मध्ये एकदा बदलण्यासाठी ती अट गेली आणि २०२४ पासून अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदलता येतं. त्यामुळे जाणाऱ्या पोराला पळपुटा म्हणणं मला मान्य नाही. कोच पैशासाठी एका रात्रीत दुसऱ्या गावी जातात, मग विशीतल्या मुलाने निष्ठेच्या नावावर तीन वर्षं बाकावर का घालवावीत?

पण जाण्याचं कारण खरं हवं. आपल्या पुढचा मुलगा पुढच्या वर्षी जाणार आहे का, आपल्या मागे कोण येतोय, आणि कोचने सांगितलेलं नेमकं काय आपल्याला अजून जमत नाही, या तीन गोष्टींची उत्तरं मिळवल्याशिवाय निघू नये. ब्लॉक जमत नसेल तर नव्या कॉलेजातही तेच होईल. पहिल्या वर्षाच्या मुलाला घाईचं कारण तसंही कमी आहे: २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष रेडशर्ट म्हणून, म्हणजे खेळण्याच्या ठरलेल्या वर्षांत न धरता, वाचवता येत आलंय.

थांबणाऱ्यांचं भलं होतंच असंही नाही. मुष्टियोद्धा इव्हॅंडर होलीफिल्डचा मुलगा एलायजा चब-मिशेलच्या मागे दोन वर्षं थांबला, २०१८ मध्ये १,०१८ यार्ड केले, आणि ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. दुसरीकडे जॉश जेकब्स २०१८ मध्ये अलाबामात डेमियन हॅरिस आणि नाजी हॅरिस या दोघांपेक्षाही कमी यार्ड धावला, तरी पहिल्या फेरीत गेला आणि २०२२ मध्ये एनएफएलमध्ये सगळ्यांत जास्त यार्ड त्याचेच होते.

थांबणाऱ्याने करायचं काय, तर स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या गटात खेळायचं. ओक्लाहोमा स्टेटमध्ये थर्मन थॉमसच्या मागे असताना बॅरी सँडर्स किकऑफ (समोरच्या संघाने लाथेने दूर मारलेला चेंडू) परत आणायचा आणि १९८७ मध्ये त्यात देशात पहिला होता. थॉमस गेल्यावर १९८८ मध्ये ११ सामन्यांत २,६२८ यार्ड! हेन्रीच्या मोसमातही क्लेमसनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ९५ यार्डांचा किकऑफ परतवला तो त्याच्या मागे असलेल्या केन्यन ड्रेकने, आणि अलाबामा ४५-४० अशी जिंकली.

पुढचा सामना बघताना थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, चेंडू सोडून रनिंग बॅककडे बघा. मोकळा सुटलेला गडी त्याने ओळखला का? मग दोन मिनिटं उरलेली असताना मैदानात कोण आहे ते बघा. डेप्थ चार्ट, म्हणजे कोण पहिला आणि कोण दुसरा ही क्रमवारी, तुम्हाला आपोआप कळू लागेल. आणि मुलगा तिथेच आहे तर वसंतात सॅनफर्ड स्टेडियमवर संघाचा आपसातला जी-डे सामना होतो, त्याला जरूर जायला सांगा. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पोरांना भरपूर चेंडू मिळतो, आणि शरद ऋतूत ज्यांची नावं तुम्ही विचाराल त्यातली एक-दोन त्याने तिथे आधीच पाहिलेली असतील.