पिष्टमय पदार्थ आणि कर्बोदके: एकच का?

प्रश्न असा आला आहे: आहाराविषयीचं एक पत्रक मराठीत करताना 'कार्बोहायड्रेट'साठी 'पिष्टमय पदार्थ' लिहावं की 'कर्बोदके'? आणि कर्बोदकात 'उदक' आहे, तर कोरड्या साखरेत पाणी कुठून आलं?

पहिल्या भागाचं उत्तर: 'कर्बोदके' लिहा. 'पिष्टमय' हा शब्द मला मनापासून आवडतो, पण तो फार नेमका आहे आणि म्हणूनच सगळ्या कुळाला लावता येत नाही. 'पिष्' म्हणजे दळणं, वाटणं. त्यावरून पिष्ट, आणि पिष्टावरून आपलं रोजचं पीठ. रसायनशास्त्रात ज्याला स्टार्च म्हणतात ते हे पिष्ट. तांदूळ, ज्वारी, बटाटा, साबूदाणा हे खरोखरच पिष्टमय. आपल्या ताटातली बहुतेक कर्बोदकं भात, भाकरी, पोळीतूनच येतात, त्यामुळे आरोग्याच्या जुन्या पुस्तकांत 'पिष्टमय पदार्थ' हाच शब्द सर्वांसाठी चालून गेला. पण मधात पीठ नाही, द्राक्षात नाही, साखरेत तर नाहीच. भाताच्या शितावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. साखरेच्या पाण्यात तो येत नाही.

शब्दांतला हा फरक शेतात आणि घरात रोज दिसतो. ज्वारीचा दाणा कोवळा, चिकात असतो तेव्हा त्यात साखर जास्त असते, म्हणून हुरडा गोड लागतो. दाणा भरत आणि कडक होत जातो तसतसं त्या साखरेचं पिष्ट होतं आणि गोडी जाते. केळ्यात याच्या अगदी उलट घडतं. कच्चं केळं पिष्टाने भरलेलं असतं, पिकताना विकरं (एन्झाइम) ते पिष्ट तोडून साखर करतात. म्हणजे कच्च्या केळ्याला पिष्टमय म्हणणं बरोबर, पिकून काळे ठिपके पडलेल्या केळ्याला म्हणणं चूक, आणि कर्बोदकं मात्र दोन्हींत भरपूर. मधुमेह असलेल्या माणसाच्या हातात जे पत्रक जाणार त्यात ही गल्लत परवडत नाही. 'पिष्टमय पदार्थ कमी करा' असं वाचून कोणी भात कमी करेल आणि गुळाचा खडा तोंडात टाकत राहील, तर चूक त्याची नाही.

आता उदकाकडे. कर्ब अधिक उदक, गुणसंधी होऊन कर्बोदक. 'कर्ब' म्हणजे कार्बन. शाळेत आता कार्बनच म्हणतात, पण हा शब्द मेलेला नाही: माती तपासून आणणारा कोणताही शेतकरी 'सेंद्रिय कर्ब किती आला' हेच विचारतो. 'कार्बोहायड्रेट' ही मूळ संज्ञा १९व्या शतकातल्या युरोपीय रसायनशास्त्रातली. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६ अणू, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६. साखरेत १२, २२ आणि ११. दोन्हीकडे हायड्रोजन ऑक्सिजनच्या बरोब्बर दुप्पट, म्हणजे पाण्याचंच प्रमाण. त्यावरून त्या काळच्या रसायनज्ञांनी नाव दिलं ते 'कार्बनचा हायड्रेट', म्हणजे पाणी जोडलेला कार्बन, अशा अर्थाचं, आणि मराठीने ते इमानाने उतरवून घेतलं.

पण प्रमाण पाण्याचं असलं तरी रेणूत पाणी नाही. खरा हायड्रेट पाहायचा तर मोरचूद पाहा. त्याच्या निळ्या स्फटिकात पाण्याचे रेणू पाण्याच्याच रूपात असतात. तापवले की ते निघून जातात आणि पांढरी भुकटी उरते, तिच्यावर पाणी शिंपडलं की निळा रंग परत येतो. साखरेचं तसं नाही. तिच्यात बहुतेक कार्बन अणूंना एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी वेगवेगळी चिकटलेली असते. तीव्र गंधकाम्ल ओतलं की साखरेचा काळा, फुगलेला कोळसा होतो आणि वाफ निघते, पण ते पाणी तिथे आधीपासून साठलेलं नव्हतं. आम्ल साखरेतले अणू ओढून घेऊन ते तयार करतं. कोळशावर पाणी ओतून मात्र कोणाला साखर मिळत नाही.

प्रमाणाचा नियमही पुढे मोडला. डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोज या शर्करेत एक ऑक्सिजन कमी असतो, तरी ती कर्बोदकच. कोळंबीच्या कवचातल्या कायटिनमध्ये नायट्रोजनही असतो, तरी ते याच कुळातलं. उलट व्हिनेगरमधलं असेटिक आम्ल प्रमाणात चपखल बसतं, पण त्याला कोणी कर्बोदक म्हणत नाही. नाव राहिलं, व्याख्या बदलली: आता साध्या शर्करा आणि त्यांच्या जोडणीतून झालेले पदार्थ म्हणजे कर्बोदके.

या जोडणीत खरी गंमत आहे. कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोजही पिष्टासारखंच निव्वळ ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. फरक एवढाच की दोन ग्लुकोजमधला बंध पिष्टात एका दिशेने असतो आणि सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. पहिल्यामुळे साखळी मळसूत्रासारखी वळते, आयोडीनचा निळा-काळा रंग तिच्या त्या पोकळीतच उमटतो. दुसऱ्यामुळे साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना लागून घट्ट बसतात आणि धागा होतो. आपल्या लाळेतलं विकर पहिला बंध तोडतं, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. दुसरा बंध तोडणारं विकर माणसाकडे नाही. गाईकडेही नाही, तिच्यासाठी ते काम पोटातले सूक्ष्मजीव करतात. अंगातला सुती सदरा कर्बोदकाचा आहे हे विधान शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे. तो पिष्टमय आहे असं म्हणून पाहा, म्हणजे दोन शब्दांतलं अंतर कळेल.

तेव्हा पत्रकात मुख्य ओळ 'कर्बोदके' अशी ठेवा आणि तिच्याखाली तीन पोटओळी द्या: शर्करा, पिष्ट, तंतू. गूळ, मध, फळं पहिल्या ओळीत येतील, धान्यं, बटाटा आणि साबूदाणा दुसऱ्या. पालेभाज्या आणि कोंडा तिसऱ्या. वाचणाऱ्याला 'कर्बोदके' अनोळखी वाटेल अशी शंका असेल तर शेजारी 'कार्ब्स' लिहायलाही माझी हरकत नाही, तो शब्द आता घरोघरी पोचला आहे. पिकलेलं केळं मात्र पहिल्याच ओळीत टाका.