‘ज्वलनांक’ म्हणावे का?

धातूंच्या भुकटीवर प्रयोग करणाऱ्या बडोद्याच्या एका विद्यार्थिनीचे दोन प्रश्न आहेत. प्रबंधाच्या मराठी सारांशात गुजरातीतले ‘दहन’ चालेल का? आणि भुकटी ज्या तापमानाला पेटते त्याला ‘ज्वलनांक’ म्हणावे का?

‘दहन’ चूक नाही. पण लंकादहन, पुतळादहन म्हटले की जाळणारा कोणीतरी हवा. धातू आपणहून जळतो, तिथे ‘ज्वलन’ बरे. शाळेच्या पुस्तकांतही तेच आहे.

‘ज्वलनांक’ मात्र टाळा. द्रवणांक, उत्कलनांक हे पदार्थाचे गुण. ॲल्युमिनिअम 660 अंश सेल्सिअसला वितळते, चिमूटभर घ्या की किलोभर. पेटण्याचे तसे नाही. काही मायक्रॉनच्या कणाभोवती ऑक्साइडचे कवच असते. ते सुमारे 2050 अंशांना वितळते आणि मोठे कण बहुधा त्याच सुमारास पेटतात. नॅनो भुकटी 1000 अंशांच्या आतच पेट घेते. कण, ढिगाची जाडी, तापवण्याचा वेग, यांतले काहीही बदलले की आकडा सरकतो. म्हणून ‘पेट घेण्याचे तापमान’ लिहावे, आणि शेजारी कणांचा आकार, वायू व वेग.

टीजीएचा, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन मोजत राहणाऱ्या चाचणीचा, आलेख वाचतानाही शब्द जपून वापरा. 5–10 मिलिग्रॅम नमुना मिनिटाला 10 अंशांनी तापवला की वजन सावकाश चढते, ते ऑक्सिडीकरण. निघणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेला मागे टाकते आणि तापमान एकदम उसळते, तेव्हा ज्वलन. ॲल्युमिनिअम पुरते जळले तर वजन 89 टक्के वाढते. कमी भरले तर बहुतेक वेळा वरचा थर घट्ट धरून आतली भुकटी कोरी राहिलेली असते. नमुना पातळ पसरा. नमुना ठेवायची मूस ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइडची, घ्या. प्लॅटिनमची घेतलीत तर वितळलेले ॲल्युमिनिअम तिच्यात मिसळून तिला भोक पाडते.

मॅग्नेशियमच्या प्रयोगात नायट्रोजनला ‘निष्क्रिय’ म्हणू नका, त्यातही ते जळते आणि नायट्राइड होते. तिथे आर्गॉनच.

‘ज्योत’ही सरसकट नको. मॅग्नेशियमची वाफ होते आणि ती कणाभोवती जळते, म्हणून ज्योत. लोखंडाचा कण मुख्यतः पृष्ठभागावरच जळतो, ती ठिणगी. फुलबाजीतला लोखंडाचा कीस आठवा.

उरलेल्याला ‘राख’ म्हणवत नाही, कारण राख मूळ वस्तूपेक्षा हलकी असते आणि हे जड. ‘भस्म’ जवळचा, पण वैद्यांचे लोहभस्म पुटे देऊन, म्हणजे पुन्हापुन्हा भाजून, सावकाश होते. सारांशात सरळ ‘ऑक्साइड’ लिहा.